कडूबाईचा माग

शनिशिंगणापूर,
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थरूप दादांच्या चरणी विजयमालाचा नमस्कार. (वाकता येत नाही, गुडघा नवा आहे. उभ्याने केलेला नमस्कार मान्य करून घ्यावा.) तुमची प्रकृती, आक्काबाई वहिनींचा खोकला आणि विहिरीचे पाणी, तिन्ही ठीक असतील असे धरून चालते. वहिनींनी पंख्याखाली झोपणे बंद केले असेल तरच खोकल्याची विचारपूस लागू आहे, नसेल तर नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर विचारले होते की शेजाऱ्याच्या गाईची कास सुजते आहे, काय करावे. गाय पान्हा चोरत असणार. तिला पूर्ण पिळून मोकळे करा, डॉक्टरांना दाखवा, आणि शेजाऱ्याला सांगा की जनावराशी नीट बोलत जा. फोनवर एवढे सांगेपर्यंत तुम्ही नेहमीप्रमाणे "हो, हो" करून फोन वहिनींकडे दिलात. म्हणून हे पत्र. पत्र वहिनींकडे देता येत नाही, त्या ते तुम्हालाच वाचायला लावतात.

माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त मला झोप फार येते. गोळ्यांचा गुण आहे म्हणतात. नोकरीत असताना दुपारच्या झोपेला मी बेशिस्त म्हणत असे आणि शिक्षकांच्या खोलीत डुलक्या घेणाऱ्यांच्या कानाशी घंटा वाजवायला लावीत असे. आता जेवणानंतर खाटेवर टेकले की समोरच्या लिंबाच्या फांद्या संथ पाण्यात असल्यासारख्या हलू लागतात, आणि मी जागी आहे की नाही हे मलाच विचारावे लागते. पुढे जे लिहिणार आहे त्यातला काही भाग त्या अवस्थेत घडला आहे. कोणता ते मी जागोजागी सांगीन.

आमची कडूबाई गेली हे तुम्हाला कळले आहेच. (तिच्या आईची आधीची दोन वासरे दगावली, म्हणून हे नाव. माणसांच्या लेकींना चालते ते गाईच्या लेकीला का चालू नये.) श्रावणात मी नगरला गुडघ्यासाठी दवाखान्यात होते, आणि गणपतीच्या आधी घरी आले तो गोठा झाडून लख्ख. तुमचे मेहुणे रंगनाथराव खुंटाकडे न बघता म्हणाले, विकली. कोणाला, का, विचारले तर एकच उत्तर, "इकली हाय म्हणल्यावर इकली हाय. घोडेगावला." चाळीस वर्षे मी यांचे 'इकली' दुरुस्त करते आहे, त्या दिवशी ते राहून गेले. दुसऱ्या गावात नवऱ्याला गाय चोरीला गेली असे तरी सांगता आले असते. आमच्या गावात घरांना दारे नाहीत, आणि चोरी झाली असे म्हणणे म्हणजे प्रत्यक्ष देवावर आळ घेणे. त्यामुळे बिचाऱ्यांना विकल्याचेच सांगावे लागले.

तेव्हापासून मी कोरा चहा पिते. कोणाला टोमणा म्हणून नाही. मला पाकिटाचे दूध चालत नाही, आणि मला चालत नाही म्हणून ते घरात येत नाही. हे रोज संध्याकाळी देवळाच्या वाटेवरच्या हॉटेलात जातात आणि मिशा पुसत परत येतात.

मला काळजी दुधाची नव्हती. काळजी ही, की कडूबाई पाढ्यांवर पान्हा सोडते. तुम्ही हसाल, हसा. पहाटे धार काढताना मी सवयीने पाढे म्हणते. बाकीच्या पाढ्यांना ती नुसते कान हलवते, पण एकोणतीसचा सुरू केला की 'एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी' ला पहिली धार बादलीत वाजते. यांनी दोन दिवस भजन म्हणून पाहिले होते, तिने बादली उडवली. आता परक्या गोठ्यात, परक्या हातांखाली, तिला एकोणतीसचा पाढा कोण म्हणून दाखवणार? पान्हा चोरील, कास दगडासारखी होईल, मग घेणारा म्हणेल जनावर खोडीचे आहे, आणि तिला पुढच्या बाजारात उभी करील, तो पुढच्या. अशी ती हातातून हातात जात राहील, आणि शेवटी कुठे, ते मला मनातसुद्धा म्हणवत नाही. म्हणून ती कुठे आहे ते शोधायचेच, एवढे मी ठरवले. कोणाला सांगितले नाही.

आधी सरळ मार्ग पाहिला. गुरांच्या बाजाराच्या दिवशी टेम्पोत वॉकर टाकून घोडेगावला गेले. हे दबक्या पावलांनी मागे. अजिनाथ दलाल भेटला, तो नेमका एका म्हशीच्या सौद्यात होता. तुम्हाला ती पद्धत ठाऊक आहे, दोघांनी रुमालाखाली एकमेकांची बोटे धरायची आणि तोंडाने हवापाण्याचे बोलायचे. मी दोनदा हाक मारली, त्याने लक्ष दिले नाही. वर्गात लक्ष न देणाऱ्याचा मी हात धरते. तसा धरला. तो रुमालाखाली होता हे माझ्या ध्यानात आले नाही, आणि मी बोटे जरा आवळली. अजिनाथ चपापला, माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग त्याने रुमाल झटकला आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी मान हलवली. म्हैस मला पडली होती, तीही त्या दिवशीच्या सर्वात चढ्या भावाने. मी म्हटले मला म्हैस नको, मला माहिती पाहिजे. अजिनाथ म्हणाला, "बाई, आमी बोटं धरतो, नावं इचारत न्हाई. तुमी लई जोरात धरली." म्हैस परत घ्यायला लावण्यात यांचा दिवस गेला. मी तोवर झाडाखाली वॉकरवर हात टेकून उभी राहिले आणि धुळीत पाहत होते. हजार जनावरे त्या पिवळ्या धुळीत उभी होती, आणि प्रत्येकाच्या कानात तो पिवळा बिल्ला होता, नंबराचा. मला वाटले, यातल्या प्रत्येकीला कोणीतरी कुठेतरी शोधत असणार. (हे जागेपणी.)

आता तुमच्या भाचीकडे वळते. रोहिणी माझ्या गुडघ्यासाठी म्हणून पुण्याहून आली आहे आणि वरच्या खोलीत बसून कंपनीचे काम करते. काम काय, तर जनावरांच्या बिल्ल्यांच्या नोंदी. कोणते जनावर कोणाकडून कोणाकडे गेले. कंपनीकडे अशा इतक्या नोंदी आल्या आहेत की त्या एका मशिनीत मावत नाहीत, म्हणून नावांच्या क्रमाने तुकड्या पाडून वेगवेगळ्या मशिनींत ठेवल्या आहेत. ठेवणे सोपे, विचारणे अवघड. एखादे जनावर आज कुठे आहे असे विचारले, की सगळ्या मशिनी आपापल्या नोंदींचे भारे उचलून पुण्याच्या एका मशिनीपुढे आणून टाकतात, ती एकटी चाळत बसते आणि धाप लागून बंद पडते. रोहिणी म्हणाली की यावर उपाय म्हणून ती 'इटरेटर' तयार करते आहे. मी म्हटले, मराठीत सांग. तिने अर्धा तास सांगितले. मी तुम्हाला चार वाक्यांत सांगते.

आमच्या शाळेत गोरक्ष नावाचा शिपाई होता. कोणत्या वर्गात किती गैरहजर ते विचारून ये म्हटले, की तो सगळ्या वर्गांची हजेरीपुस्तके खांद्यावर घालून माझ्या टेबलावर आणून टाकी. मी त्याला शिकवले, की बाबा, पुस्तके हलवायची नाहीत. तू वर्गाच्या दाराशी उभा राहा, तिथेच मोज, आणि फक्त आकडा घेऊन ये. रोहिणीचा इटरेटर म्हणजे शिकवलेला गोरक्ष. प्रत्येक मशिनीत एक उभा करायचा, त्याच्या कानात प्रश्न सांगायचा, त्याने तिथल्या तिथे नोंदी चाळून उत्तराएवढेच बाहेर द्यायचे. माल जागचा हलवायचा नाही, विचारणारा माल असेल तिथे पाठवायचा. रोहिणी म्हणाली, आई, अगदी हेच. मी म्हटले, मग यात अर्धा तास बोलण्यासारखे काय होते.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि तिने माझी झोप आणि जाग यांच्यामधली भिंत पार पाडून टाकली. या गोरक्षाला आठवण ठेवायची परवानगी नाही. मशिनीला वाटेल तेव्हा ती त्याला मध्येच उठवून घरी पाठवते आणि त्याच्या जागी दुसरा उभा करते. दुसऱ्याला एवढेच सांगतात, की आधीच्याने शेवटचे नाव हे दिले होते, तू त्याच्या पुढून सुरू कर. आधीच्याने काय पाहिले, किती फिरला, कोणाशी बोलला, काही नाही. खिशात काही ठेवले असेल तर ते खिशासकट गेले. शिवाय त्याने आपल्या इमारतीबाहेर पाऊल टाकायचे नाही. पुढचे नाव दुसऱ्या तुकडीतले निघाले तर ते फाटकाशी आणून द्यायचे, मग रोहिणी ते नाव त्या तुकडीतल्या गोरक्षाला पाठवणार.

त्या दुपारी (हे झोपेतले) मला ते सगळे गोरक्ष दिसले. टोपी घातलेले, अनवाणी, प्रत्येक जण आपापल्या धुळीच्या बाजारात एकटा. एकाला दुसरा दिसत नव्हता. तो दाव्याला बांधलेल्या एकेका जनावराच्या कानाशी वाकायचा, बिल्ला अंगठ्याने पुसायचा, हळूच काही विचारायचा आणि पुढे जायचा. ऊन होते पण सावली पडत नव्हती. मध्येच एखादा गोरक्ष दिवा मालवावा तसा नाहीसा होई आणि त्याच जागी दुसरा उभा राही, तो हातातल्या एका नावाकडे बघे आणि जिथे पहिला थांबला होता तिथूनच वाके. कोणी रडत नव्हते, कोणी कोणाला शोधत नव्हते, नुसते विचारणे चालू होते. आणि फार लांबून, कुठल्या तुकडीतून ते कळेना, बादलीत धार वाजल्याचा आवाज येत होता. मी उठून त्या दिशेने निघाले तर माझा गुडघा दुखत नव्हता, म्हणून ओळखले की हे स्वप्न आहे. स्वप्नातही मी शिस्तीने परत आले.

उठल्यावर वर गेले. (जिना चढायला मनाई आहे. हे खाली पेपर वाचत होते, त्यांनी पेपर आणखी वर धरला.) रोहिणीला म्हटले, तुला तपासून बघायला एक खरे जनावर लागत असेल ना? ती म्हणाली, लागतेच. मी कडूबाईचा नंबर सांगितला. तो मला पाठ आहे. रोहिणीने माझ्याकडे जरा वेळ पाहिले, पण मी बघते तेव्हा घरातले कोणी माझ्याकडे जास्त वेळ बघत नाही. तिने नंबर घातला आणि गोरक्ष सोडला.

पडद्यावर नाव आले, कडूबाई. त्याखाली कडूबाई. त्याखाली कडूबाई. मग पान वर सरकायला लागले आणि कडूबाई, कडूबाई, कडूबाई असे येतच राहिले. रोहिणी कपाळाला हात लावून बसली, पण दादा, मला मात्र त्या पडद्यापुढून हलवेना. वाटले, कोणीतरी एवढ्या आर्जवाने तिला हाका मारतो आहे. पुण्याहून तिच्या साहेबांचा फोन आला, की सगळी मशीन अडकली आहे, ही कडूबाई कोण? रोहिणी म्हणाली, आमच्या घरातली आहे.

कारण शोधले तेव्हा आमच्या घरचा उजेड दिसला. बिल्ला मारायला माणूस आला होता तेव्हा मी परीक्षेच्या कामाला गेलेली. त्याने मालकाचे नाव विचारले, यांना वाटले गाईचे विचारतो आहे, हे म्हणाले कडूबाई. कोणाकडून घेतली, तर म्हणाले घरचीच. त्याने देणारी कडूबाई, घेणारी कडूबाई असे लिहून टाकले. म्हणजे नोंदीप्रमाणे कडूबाई स्वतःच स्वतःची मालकीण, आणि श्रावणात तिने स्वतःला स्वतःच बाजारात नेऊन विकले. आमच्या घरात मालमत्ता बाईच्या नावावर असलेले हे पहिलेच उदाहरण. गोरक्ष विचारी, कडूबाईने कोणाला दिली? उत्तर, कडूबाईला. त्या कडूबाईने? कडूबाईला. तो बिचारा एकाच खुंटाभोवती फिरत राहिला.

रोहिणी म्हणाली, आता त्याला पाहिलेली नावे लक्षात ठेवायला लावते, तेच नाव पुन्हा आले की सोडून दे म्हणून. मी म्हटले, तूच सांगितलेस की त्याचा खिसा केव्हाही जातो. नव्या गोरक्षाला काय कळणार? मी लाल पेन मागितले. माझे बी.एस्सी. गणितात झाले आहे, हे या घरात किराण्याच्या यादीपुरतेच लोकांना आठवते. मी लिहिले, की नावाकडे बघू नका, तारखेकडे बघा. एखाद्याच्या हातून गाय पुढे जाणार ती त्याच्याकडे आल्यानंतरच. तेव्हा मागच्या व्यवहाराच्या तारखेनंतरची तारीख असेल तोच व्यवहार धरायचा, त्याच तारखेचा किंवा आधीचा नाही. असे केले की वाट फिरून मागे येऊच शकत नाही. आणि ती तारीख गोरक्षाच्या खिशात ठेवायची नाही, प्रश्नातच घालायची. प्रत्येक नव्या गोरक्षाला प्रश्न पूर्ण सांगतातच, त्याबरोबर तारीख जाईल. तो खुशाल सगळे विसरो.

रोहिणीने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "आई, हे बरोबर आहे." मी म्हटले, बरोबर असणारच, मांडणी मात्र तुझी गबाळी आहे, समास सोडत जा. पुढचे चार दिवस आम्ही मायलेकी त्या खोलीत बसलो. ती टंकत होती, मी चुका काढत होते, आणि मध्येमध्ये माझा डोळा लागत होता. जाग आली की खिडकीतून लांबवर बाजरी सोंगून मोकळी झालेली राने दिसत आणि मला वाटे, ही पण एक तुकडीच आहे, हिच्यातही कोणी वाकून विचारत असेल. परवा संध्याकाळी काम झाले. रोहिणीने पुन्हा कडूबाईचा नंबर घातला. या वेळी पान सरकले नाही. एक नाव आले, थांबले. दुसरे आले. तिसरे आले आणि त्यापुढे काही आले नाही, म्हणजे गाय तिथेच आहे. रोहिणी नुसतेच "आई" म्हणाली. मी म्हटले, लॅपटॉपचे झाकण लाव, खाली ये आणि चहा टाक. तिने विचारले, दूध घालून? मी म्हटले, एवढ्यात नको.

पत्र लांबले. वहिनींना नमस्कार. त्यांनी गेल्या महिन्यात फोनवर अभिमानाने सांगितले होते की आताशा पाकिटाचे दूध घ्यावे लागत नाही. ऐकून बरे वाटले होते. यांचा नमस्कार मी त्यांना न विचारता लिहीत आहे.

आपली धाकटी बहीण,
विजयमाला

ता.क. ती तीन नावे अशी. अजिनाथ दलाल, घोडेगाव. कल्याण टेम्पोवाला, जामखेड. आणि तिसरे, दादा, तुमचे. गाव, वस्ती, सगळे व्यवस्थित आहे, तुम्ही निदान मालकाच्या जागी गाईचे नाव सांगितले नाहीत.

आणखी एक. यांना मी काल विचारले. वर्गात उभे केल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, डॉक्टरनं एक वरीस उकिडवं बसू नको म्हणून सांगितलं, "गाय दारात असती तर तू ऐकलं असतंस व्हय?" खरे आहे, ऐकले नसते. तुम्ही दोघांनी मिळून बाजारातून फिरवून नेलीत, मला पत्ता लागू नये म्हणून. यांना रागावू नका. मी रागावणार होते, पण त्यांच्यासाठी चहात दूध घालायला सांगितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, मग राहिले. रोहिणी म्हणते, मामाला एक फोन केला असतास तर हे सगळे एका मिनिटात कळले असते. तिला म्हटले, मग तुझा गोरक्ष कोणी दुरुस्त केला असता?

शेवटचे, आणि पत्र खरे एवढ्यासाठीच. गाय परत पाठवू नका. माल जागचा हलवायचा नाही, हे मी चार दिवस लाल पेनने लिहिले आहे. माझी गाय माझ्या माहेरी आहे आणि मीच इकडे बसले आहे, हे काही बरे दिसत नाही. कास शेजाऱ्याच्या गाईची सुजलेली नाही हे मला कळले आहे, आणि का सुजली तेही. यांनी तुला पाढा म्हणायला सांगितले असणारच, पण तुला एकोणतीसचा त्रिकापर्यंतच येतो. 'चोक' ला तू शाळेत अडायचास, गुरुजी छडी उगारायचे आणि मी खिडकीबाहेरून सांगायचे. कडूबाई त्रिकाला पान्हा सोडते, पण पुढचे आले नाही तर आवरून घेते. म्हणून कल्याणचा टेम्पो गुरुवारी पाठव, मागे गादी टाकून. खाली मी बसणार नाही, डॉक्टरांचे ऐकणार आहे. धार तू काढ. मी तुझ्या मागे उभी राहून पुढचे सांगते.